नऊवारी, खारवलेला मासा आणि देवळालीचा ताप

इंग्रजी वाक्प्रचारांच्या जन्मकथा सांगणारा एक मजकूर मला अधूनमधून कुणी ना कुणी पाठवतं. मी भाषांतराची कामं करते हे नातेवाइकांना आणि जुन्या वर्गमैत्रिणींना ठाऊक आहे, त्यामुळे खाली ‘खास तुझ्यासाठी’ अशी शेपटी जोडलेली असते. मजकूर बहुतेक वेळा तोच. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये म्हणे घरांवर गवताची छपरं असायची. कुत्री-मांजरं उबेसाठी त्या छपरात जाऊन बसायची. पाऊस आला की गवत निसरडं व्हायचं आणि ती बिचारी धपाधप खाली पडायची, म्हणून ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’. लोक वर्षातून एकदा अंघोळ करायचे, तीही सगळं घर एकाच टबात. आधी घरधनी, मग मुलगे, मग बायका आणि शेवटी तान्ही बाळं. तोवर पाणी इतकं गढूळ झालेलं असायचं की त्यात बाळ दिसायचंच नाही, म्हणून ‘पाण्याबरोबर बाळ फेकू नका’. मेलेला समजून पुरलेला माणूस कधीकधी जिवंत निघायचा, म्हणून त्याच्या मनगटाला दोरी बांधून वर घंटा टांगायची. त्यावरून ‘सेव्ह्ड बाय द बेल’ म्हणजे ऐन वेळी वाचणं, ‘डेड रिंगर’ म्हणजे हुबेहूब दुसऱ्यासारखा दिसणारा, आणि रात्रभर घंटेवर कान ठेवून बसणाऱ्याची ‘ग्रेव्हयार्ड शिफ्ट’. एका दोरीत तीन वाक्प्रचार!

हे सगळं व्हॉट्सॲपची देणगी वाटतं, पण मजकूर त्याहून जुना आहे. १९९९ साली तो ‘सोळाव्या शतकातलं जगणं’ अशा मथळ्याने ई-मेलवर फिरायला लागला. तेव्हापासून तो मरत नाही. आणि त्यातलं जवळजवळ काहीही खरं नाही.

गवताने शाकारलेलं घर ज्याने कोकणात पाहिलंय, त्याला छपराची गोष्ट ऐकताच शंका यायला हवी. छपराचं गवत दाबून, पेंढ्या एकावर एक चढवून बसवलेलं असतं. मांजर त्यात शिरेल फार तर उंदरासाठी. आणि पाऊस लागला की मांजर चुलीपाशी येतं, छपराच्या पाठीवर जाऊन भिजत नाही. पण हा झाला आपला घरगुती तर्क. खरा घाव घालते ती तारीख. कवी हेन्री व्हॉन याने १६५१ साली कुत्र्या-मांजरांचा वर्षाव लिहिला आहे. जोनाथन स्विफ्टने १७३८ साली उच्चभ्रूंच्या पोकळ गप्पांची टर उडवणारे संवाद छापले, त्यात हा वाक्प्रचार आज आपण वापरतो त्याच रूपात आहे, आणि तोही घासून गुळगुळीत झालेलं बोलणं म्हणून. याच स्विफ्टने १७१० साली लंडनच्या एका पावसावर कविता लिहिली होती. तिच्यात गटारातून मेलेली मांजरं, बुडालेली कुत्र्याची पिल्लं आणि सलगमाचे पाले वाहत येतात. काही विद्वानांनी तिलाच उगम मानलं. मोह होण्यासारखंच चित्र आहे ते, पण व्हॉनची ओळ तिच्या साठेक वर्षं आधीची आहे.

मग कुत्री-मांजरंच का? माझ्या मते या प्रश्नाला उत्तर असायलाच हवं असं नाही. आपण ‘मुसळधार’ म्हणतो तेव्हा कुणाच्या घरचं मुसळ आभाळातून पडलं याची चौकशी करत नाही. पाऊस फार आहे हे सांगताना माणूस हाताला लागेल ते आभाळातून पाडतो.

बाळाची गोष्ट तर इंग्लंडची नाहीच. थॉमस मुर्नर नावाच्या जर्मन लेखकाच्या १५१२ सालच्या पुस्तकात ती आहे, शेजारी लाकडी ठशाचं चित्रही आहे: बाई टब उलटा करते आहे आणि पाण्याबरोबर बाळ चाललं आहे. जर्मन लोक तीनशे वर्षं ती म्हण वापरत होते. इंग्रजीत ती आणली थॉमस कार्लाइलने, १८४९ साली. म्हणजे ज्या सोळाव्या शतकातल्या इंग्रज कुटुंबाच्या गढूळ अंघोळीचं एवढं रसभरित वर्णन येतं, त्या कुटुंबाने ही म्हण आयुष्यात ऐकलेली नव्हती. घंटेची त्रयीही अशीच कोसळते. ‘सेव्ह्ड बाय द बेल’ मुष्टियुद्धाच्या रिंगणातलं आहे, फेरी संपल्याच्या टोल्यामुळे वाचलेला मुष्टियोद्धा. ‘रिंगर’ म्हणजे शर्यतीत दुसऱ्याच्या नावावर गुपचूप पळवलेला घोडा. आणि ‘ग्रेव्हयार्ड शिफ्ट’मध्ये स्मशान आहे ते रात्रीच्या शांततेपुरतं.

या कामात इतकी वर्षं काढल्यावर माझा एक ठोकताळा झाला आहे: जन्मकथा जितकी चटकदार, तितकी ती आधी बाजूला ठेवावी. ठोकताळ्याला इंग्रजीत ‘रूल ऑफ थंब’ म्हणतात, आणि त्याचीही एक चटकदार कथा आहे. अंगठ्याहून जाड नसलेल्या काठीने नवऱ्याने बायकोला मारायला हरकत नाही, असा म्हणे इंग्लंडचा कायदा होता. असा कायदा नव्हता. न्यायाधीश फ्रान्सिस बुलर असं काहीतरी बोलला अशी १७८२ साली बोलवा उठली, आणि जेम्स गिलरे या व्यंगचित्रकाराने त्याला ‘जज थंब’ करून काठ्यांचे भारे विकायला बसवलं. वाक्प्रचार मात्र त्याच्या शंभरावर वर्षं आधीपासून वापरात होता, अंदाजाने, हाताच्या मापाने काम करणाऱ्या कारागिरांबद्दल. आपल्याकडे जसं अंगुळ, वीत, हात. पण बायकोला मारण्याची कथा एकदा ऐकली की सुताराचा अंगठा कोण लक्षात ठेवणार!

दुसऱ्यांच्या कथा मोडायला सोप्या असतात; आपल्या अभिमानाची कथा आली की हात अडखळतो. ‘द होल नाइन यार्ड्स’ म्हणजे सगळंच्या सगळं, काही हातचं न राखता. यार्ड म्हणजे वार. नऊ वार म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. हा वाक्प्रचार आपल्या नऊवारी लुगड्यावरून इंग्रजीत गेला, असं छातीठोकपणे सांगणारे मला भेटले आहेत. गोऱ्या साहेबाने लुगड्याचा घोळ पाहिला, थक्क झाला आणि मायदेशी जाऊन शब्द रुजवला. काय हरकत होती असं व्हायला? हरकत एकच: वाक्प्रचार अमेरिकेतला आहे.

अमेरिकेतही त्याला बाप कमी नाहीत. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांच्या मशीनगनचा पट्टा २७ फूट, म्हणजे नऊ वार लांब असायचा आणि वैमानिक शत्रूवर पूर्ण पट्टा रिकामा करायचे, ही कथा सगळ्यांत लोकप्रिय. काँक्रीट मिक्सरमध्ये नऊ घनवार माल बसतो, ही दुसरी. स्कॉटिश झग्याला नऊ वार कापड लागतं, जहाजाच्या तीन डोलकाठ्यांना प्रत्येकी तीन आडव्या काठ्या असतात आणि त्यांनाही यार्ड म्हणतात, अशा आणखी कितीतरी. प्रत्येक कथेमागे शपथेवर सांगणारा एखादा काका किंवा आजोबा उभा असतो. पुरावा मात्र फार काळ १९६०च्या दशकाच्या पलीकडे जात नव्हता. मग जुनी वर्तमानपत्रं संगणकावर आली, आणि काही चिकट माणसं त्यांच्या मागे लागली. त्यांतल्या बॉनी टेलर-ब्लेक या मेंदूविज्ञानात संशोधन करणाऱ्या बाई. शब्दांचा शोध हा त्यांचा फावल्या वेळचा नाद. दुसरे फ्रेड शपिरो, येल विद्यापीठाच्या कायदा ग्रंथालयातले. शोध मागे मागे सरकत १९५०च्या दशकातल्या केंटकीच्या शिकार-मासेमारीच्या मासिकापर्यंत गेला, तिथून आणखी मागे.

१९१२ साली केंटकीतल्या माउंट व्हर्नन गावच्या वर्तमानपत्रात एक बातमीदार लिहितो की काही दिवस बाहेरगावी असल्यामुळे या अंकापुरत्या सगळ्या बातम्या गोळा झाल्या नाहीत, पुढच्या अंकात ‘होल सिक्स यार्ड्स’ देऊ. सिक्स! सहा वार! आणि त्याच्याही आधी, १९०७ साली, इंडियाना राज्यातल्या मिचेल गावच्या वर्तमानपत्रात बेसबॉलच्या एका सामन्याबद्दल ‘फुल नाइन यार्ड्स’ची हमी देता येत नाही असं छापलेलं आहे. म्हणजे तेव्हा सहाही चालत होते, नऊही चालत होते. पट्ट्याची लांबी, मिक्सरची मापं, झग्याचं कापड, सगळं एका फटक्यात गेलं. कारण ज्या आकड्याचा उलगडा करायचा तो आकडाच पक्का नव्हता. विमानातून मशीनगन चालवायला तर अजून अवकाश होता. पुढे अमेरिकेत सहा वार मागे पडले आणि नऊ वार उरले. महाराष्ट्रात नेमकं उलट झालं.

या शोधात मला सर्वांत आवडतो तो माउंट व्हर्ननचा बातमीदार. खेडेगावचं साप्ताहिक, बातम्या कमी पडलेल्या, वाचकांची समजूत घालायची आहे, आणि तो पारावर जसं बोलत असेल तसंच लिहून टाकतो. सेनापती नाही, राजा नाही, फाशीचा कैदी नाही. वाक्प्रचार बहुधा असेच रुळतात.

‘रेड हेरिंग’चं प्रकरण याहून गमतीचं आहे, कारण तिथे थाप मारणारा माणूस नावानिशी सापडला. हेरिंग हा थंड समुद्रातला मासा. मिठात भरपूर मुरवून बराच काळ धुरावर धरला की त्याचं अंग तांबूस-तपकिरी होतं आणि वास असा सुटतो की सुक्या बोंबलाच्या गोणीशेजारी बसून एसटीचा प्रवास केलेल्यालाच त्याची कल्पना यावी. शिकारी कुत्र्यांच्या वाटेवर हा मासा फरफटत नेला की कुत्री सशाचा माग सोडून माशाच्या मागे लागतात. त्यावरून मूळ मुद्द्यापासून लक्ष उडवणारी गोष्ट म्हणजे रेड हेरिंग. रहस्यकथांचे वाचक हा शब्द रोज वापरतात. कोश फार दिवस सांगत होते की शिकारी खरोखरच असं करायचे. त्याला आधार म्हणून सतराव्या शतकातलं एक शिकारीचं पुस्तक दाखवलं जायचं. गेराल्ड कोहेन आणि रॉबर्ट स्कॉट रॉस या अभ्यासकांनी तो उतारा नीट वाचला, तेव्हा दिसलं की तिथे मासा फरफटायचा आहे तो घोड्याला तयार करण्यासाठी, कुत्र्यांच्या गोंगाटामागे न बिचकता धावण्याची त्याला सवय लागावी म्हणून. कुत्र्यांना चकवण्याचा तिथे मागमूस नाही.

चकवण्याची कथा आली विल्यम कॉबेट या फटकळ पत्रकाराकडून. १८०७च्या फेब्रुवारीत त्याने आपल्या साप्ताहिकात लिहिलं की लहानपणी आपण खारवलेला मासा ओढत नेऊन शिकारी कुत्र्यांना सशाच्या मागावरून हटवलं होतं. हे त्याला आठवलं कशावरून? नेपोलियनचा पराभव झाल्याची खोटी बातमी आली, आणि इंग्लंडमधली वर्तमानपत्रं घरचे महत्त्वाचे प्रश्न टाकून तिच्या मागे धावली. त्या संपादकांना कुत्र्यांच्या रांगेत बसवण्यासाठी कॉबेटला मासा हवा होता. लोकांनी टोमणा विसरून मासा तेवढा उचलला. वाचकाला भलत्या वाटेला नेणाऱ्या गोष्टीला जे नाव पडलं, त्या नावाच्या उगमानेच कोशकारांना शंभर-दीडशे वर्षं भलत्या वाटेला नेलं. कॉबेटला हे ऐकून आनंद झाला असता.

म्हणून सगळ्याच कथा खोट्या असं मात्र नाही. ‘हॉब्सन्स चॉइस’मधला हॉब्सन हाडामांसाचा होता. थॉमस हॉब्सन, १५४४ ते १६३१, केंब्रिजचा सामान वाहणारा. केंब्रिज ते लंडन पत्रं, पेट्या, माणसं ने-आण करायचा आणि गाडीला न लागणारे घोडे विद्यापीठातल्या पोरांना भाड्याने द्यायचा. त्याच्या तबेल्यात चाळीस घोडे होते असं रिचर्ड स्टीलने १७१२ साली लिहिलं आहे. आता घोडे चाळीस असले तरी पोरांना हवा असायचा तो सगळ्यांत वेगवान एकच. आज एकाने पळवला, उद्या दुसऱ्याने. घोडा घामाघूम, खूर झिजलेले, आणि बाकीचे घोडे नुसते कडबा खात उभे. हॉब्सनने यावर नियम केला. दाराला सगळ्यांत जवळ जो घोडा असेल तोच घ्यायचा. फिरून आलेला घोडा रांगेच्या शेवटी जायचा, त्याला विश्रांती मिळायची, आणि त्याची पाळी आपोआप यायची. पसंत नसेल तर चालत जा. म्हणून ‘हॉब्सन्स चॉइस’ म्हणजे निवड आहे असं दिसतं, पण घ्यायचं ते एकच. अनेक जण तो वाक्प्रचार दोन वाईटांतून एक निवडण्यासाठी वापरतात, ते चूक आहे. आपल्या ‘इकडे आड तिकडे विहीर’मध्ये निदान पडायला दोन जागा असतात.

ही कथा मी खरी का मानते? कारण तिचे कागद जागच्या जागी आहेत. हॉब्सन १ जानेवारी १६३१ रोजी गेला. त्या सुमारास प्लेगमुळे त्याच्या लंडनच्या फेऱ्या बंद पडल्या होत्या. केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या जॉन मिल्टन नावाच्या तरुणाने त्याच्यावर दोन मिश्कील मृत्युलेख रचले: हा माणूस गाडी चालू होती तोवर मृत्यूच्या हाती लागत नव्हता, थांबला आणि सापडला. आणि १६६० साली सॅम्युअल फिशर नावाचा लेखक ‘म्हणतात ना’ अशा थाटात हॉब्सनची निवड छापतो: हे घ्या, नाहीतर काहीच नाही. म्हणजे मरणानंतर तीस वर्षांच्या आत माणसाची म्हण झालेली. गावही तेच, धंदाही तोच, आणि त्याला ओळखणारी माणसं जिवंत असताना. केंब्रिजला पाणी आणणाऱ्या पाटाला आजही हॉब्सनचं नाव आहे. त्या कामाला त्याने पैसा दिला होता. घोड्यांची काळजी घेणारा माणूस पाण्याचीही घेतो, हे मला सुसंगत वाटतं.

इंग्रजीतले वाक्प्रचार उकलायला बसलं की पाय हमखास पाण्यात जातो. शेतीचे, घोड्यांचे, चर्चचे शब्द आहेतच, पण शिडाच्या जहाजांनी या भाषेला जेवढं दिलं तेवढं क्वचितच कुणी दिलं असेल. सरकारी अहवालात दर दुसऱ्या पानावर येणारं ‘बाय अँड लार्ज’ मी मुकाट्याने ‘एकंदरीत’ करून पुढे जाते. पण मुळात ‘बाय’ म्हणजे वाऱ्याला जवळजवळ सामोरं जात जहाज हाकणं, आणि ‘लार्ज’ म्हणजे वारा मागून घेऊन मोकळं सोडणं. दोन्ही प्रकारे चांगलं चालणारं जहाज म्हणजे सगळ्या परिस्थितीत भरवशाचं. १६६९ सालच्या सॅम्युअल स्टर्मीच्या खलाशांसाठीच्या पुस्तकात हे शब्द जोडीने येतात. ‘टेकन अबॅक’ म्हणजे आता फक्त चकित होणं; खलाशाला ते एवढ्यावर भागत नसे. वारा अचानक फिरून शिडाच्या समोरून आदळला की शीड डोलकाठीवर चिकटायचं, धावतं जहाज जागच्या जागी थबकायचं, आणि वारा जोराचा असला तर काठीच मोडायची. आणि ‘बिटर एंड’. मराठीत त्याचा ‘कडवट शेवट’ झालेला मी कितीदा पाहिला आहे. जहाजाच्या डेकवर जाडजूड खुंट रोवलेले असत, त्यांना ‘बिट्स’ म्हणत. नांगराचा दोर त्यांना वेढलेला असे, आणि दोराचा जहाजातला शेवटचा भाग तो ‘बिटर्स एंड’. कॅप्टन जॉन स्मिथने १६२७ साली खलाशी भाषेचं जे पुस्तक लिहिलं त्यात हे स्वच्छ दिलं आहे. तिथपर्यंत दोर सुटला, म्हणजे आता सोडायला काही शिल्लक नाही. पुढे बायबलमधल्या कडू शेवटाची सावली या शब्दांवर पडली हे खरं, पण खलाशाच्या हातात होता तो खुंटाकडचा शेवट.

जहाजांवरून मुंबई आठवणं ओघानं येतं, आणि मुंबईबरोबर ‘पॉश’. पी अँड ओ कंपनीच्या बोटींनी इंग्लंडहून मुंबईला येताना डावीकडची खोली आणि परत जाताना उजवीकडची खोली घेतली की ऊन कमी लागायचं. श्रीमंतांच्या तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची चार आद्याक्षरं मारलेली असायची. इंग्रजी शिकवणाऱ्या निम्म्या शिक्षकांनी ही कथा सांगितलेली असते. पण असं एकही तिकीट कधी कुणाच्या हाती लागलेलं नाही, आणि कथा स्वतःच १९३०च्या दशकातली आहे. शब्द त्याच्या आधीच रुळलेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या चोरट्या बोलीत ‘पॉश’ म्हणजे नटवा, छानछोकीचा माणूस. त्याहून मागे रोमानी लोकांच्या बोलीत तो ‘अर्धा’ या अर्थाने, किरकोळ नाण्यासाठी येतो. आणि रोमानी ही आपल्याच भाषाकुळातली. तिच्यातल्या भावासाठीच्या शब्दावरून इंग्रजीत ‘पॅल’ म्हणजे मित्र आला, आणि त्या शब्दाचं ‘भ्राता’शी नातं आहे. तेव्हा ‘पॉश’चा भारताशी काही धागा असलाच, तर तो आगबोटीच्या पहिल्या वर्गातून आलेला नाही. शेकडो वर्षांपूर्वी पायी निघालेल्या भटक्यांच्या गाठोड्यातून तो गेला असेल.

भारताचा संबंध आला की इंग्रजी जन्मकथांना आणखी एक खोड लागते: सगळं १८५७ला नेऊन भिडवायचं. ‘बाइट द बुलेट’ म्हणजे दात-ओठ खाऊन सोसणं. त्यावर सांगतात की एनफील्ड रायफलीचं काडतूस दाताने तोडावं लागे, त्याला गाईची-डुकराची चरबी लावल्याचा संशय होता, शिपायांनी ते नाकारलं, ज्यांनी तोडलं त्यांनी सोसलं, इत्यादी. काडतुसाचा इतिहास खरा आहे, वाक्प्रचाराशी त्याची गाठ खोटी. फ्रान्सिस ग्रोसच्या गावठी शब्दांच्या कोशाच्या १७९६च्या आवृत्तीत ‘नाइटिंगेल’ या नोंदीखाली लिहिलं आहे की चाबकाचे फटके खाताना ओरडणाऱ्या शिपायाला हे पक्ष्याचं नाव देतात, आणि काही पलटणींत न ओरडणं हा इभ्रतीचा मामला असल्यामुळे शिपाई तोंडात बंदुकीची गोळी चावत राहतात. १८५७च्या ६१ वर्षं आधी. चावायची ती शिशाची गोळी, कागदी काडतूस नव्हे. आणि फटके मारणारा शत्रू नसून स्वतःच्याच पलटणीचा माणूस. आजच्या अर्थाने हा वाक्प्रचार छापला तो रुडयार्ड किपलिंगने, १८९१ साली. तो मुंबईत जन्मलेला, हा योगायोग. कृपा करून यातून नवी कथा काढू नये.

आपला एक गाव मात्र इंग्रजीत खरोखर गेला आहे, आणि तिथे कुणाला ओढूनताणून काही जोडावं लागत नाही. डोकं फिरल्यासारखा वागणाऱ्या माणसाला ब्रिटनमध्ये अजूनही ‘डूलॅली’ म्हणतात. ती नाशिकजवळची देवळाली. १८६१ साली तिथे ब्रिटिश फौजेचा तळ उभा राहिला. बोटीतून उतरलेले नवे शिपाई इथे थांबायचे आणि मुदत संपलेले शिपाई परतीच्या बोटीची वाट पाहत इथेच पडून राहायचे. फौजेच्या बोटी साधारण हिवाळ्याच्या महिन्यांतच सुटत. मार्चमध्ये ज्याची मुदत भरली आणि बोट हुकली, त्याने उन्हाळा काढायचा, मग पावसाळा काढायचा. नोकरी संपलेली, हत्यार काढून घेतलेलं, कवायत जवळजवळ नाही, घर हजारो मैलांवर. अशा शिपायांबद्दल पलटणीत म्हणायचे, याला ‘डूलॅली टॅप’ झाला. टॅप म्हणजे आपला ताप. देवळालीचा ताप.

याचीही चटकदार आवृत्ती आहेच: देवळालीत म्हणे वेड्यांचं इस्पितळ होतं म्हणून. पण त्या काळी हिंदुस्थानात नोकरी केलेल्या फ्रँक रिचर्ड्स या साध्या शिपायाने १९३६ साली आपल्या आठवणी छापल्या, त्यात त्याने कारण दिलं आहे ते कंटाळ्याचं. वेळ जाता जात नसे. वर्षानुवर्षं चोख नोकरी केलेली माणसं शेवटच्या चार-सहा महिन्यांत भलते उद्योग करून बसत आणि घरी जाण्याऐवजी तुरुंगात जात; काही नको त्या रोगांनी इस्पितळात. त्याच्या मते या तळावरच्या कंटाळ्याने माणसं जशी वागत, त्यातूनच हा शब्द निघाला. कंटाळ्याने आजारी पडलेली माणसं आणि त्यांच्या आजाराला मराठी-हिंदी शब्द. रडायचं की हसायचं कळत नाही. मुंबईचे पारशी आणि गुजराती लोक याच देवळालीला हवापालटासाठी येत आले, त्यांची सॅनेटोरियम तिथे आहेत. एकाच हवेत एक जण बरा होत होता आणि दुसऱ्याला ताप चढत होता. देवळाली स्टेशनच्या पाटीपुढे उभं राहून सेल्फी काढणाऱ्यांना हे सांगावंसं वाटतं, पण सांगत नाही.

उलटी वाहतूकही झाली. इंग्रजीतून आलेले कितीतरी वाक्प्रचार मराठीने असे पचवले आहेत की ते परके होते हेच आठवत नाही. ‘नक्राश्रू’ इतका संस्कृत दिसतो की तो पुराणातला वाटावा. पण माणूस खाताना मगर रडते ही बातमी इंग्लंडात पसरवली ती जॉन मँडेव्हिलच्या नावावर चालणाऱ्या चौदाव्या शतकातल्या प्रवासवर्णनाने. ‘लाल फीत’ तर अलंकारिक नाहीच. इंग्लंडात सतराव्या शतकापासून कायद्याचे कागद लाल फितीने बांधत, ती पद्धत साहेबाबरोबर इथल्या कचेऱ्यांत आली. तालुक्याच्या एका कचेरीत सातबाऱ्याच्या कामासाठी बाकावर बसले असताना मी ती अगदी जवळून पाहिली आहे: धुवून धुवून विटलेल्या परकराच्या नाडीसारखी फिकट, कडांना धागे सुटलेले, गठ्ठ्यावर इतकी वर्षं आवळून बसलेली की कागदाला तिचा वळ उठला होता. कारकुनाने गाठ सोडली नाही, फीत तशीच बाजूला सरकवून कागद ओढला.

आणि ‘सिंहाचा वाटा’. हा इसापच्या कथेतला. तिच्या रोमन कवी फेड्रसने सांगितलेल्या रूपात गाय, शेळी, मेंढी आणि सिंह मिळून हरीण मारतात आणि चार वाटे पाडतात. पहिला माझा, कारण मी राजा, असं सिंह म्हणतो. दुसरा माझा, कारण मीही भागीदार. तिसरा माझा, कारण मी तुमच्याहून बलवान. आणि चौथ्याला हात लावून बघा. म्हणजे सिंहाचा वाटा चारांतला चार! इंग्रजीत एडमंड बर्कने १७९०मध्ये हा शब्द वापरला आणि पुढे तो घसरत घसरत ‘मोठा हिस्सा’ एवढ्यावर आला; तिथून तो मराठी वर्तमानपत्रांत उतरला. तपासायला आलेल्या मजकुरात ‘सिंहाचा वाटा’ दिसला आणि शेजारी चाळीस टक्के असा आकडा असला, तरी मी तो तसाच जाऊ देते. इंग्रजांनी दोनशेहून जास्त वर्षं तो तसाच चालवला आहे, आणि सिंह काही तक्रार घेऊन पुण्याला येत नाही.